मॅबरी टॉनिक आणि निळे ओठ

ओर्लीना गॅडिसला जाऊन आता चार वर्षं झाली. तिच्या दफनाच्या वेळी आमच्या पाद्रीबाबांनी ती किती शांत आणि सोशिक होती हे सांगण्यात अर्धा तास घालवला. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, बाबा, तुम्ही भलत्याच बाईला पुरताय. ओर्लीना शांत नव्हती आणि सोशिक तर मुळीच नव्हती. ती हट्टी होती, तोंडाची तिखट होती, आणि तिच्या हट्टामुळे आमच्या गिरणीतल्या निदान सहा बायका म्हाताऱ्या होईपर्यंत जगल्या. हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं. ते मी लिहिते आहे, कारण त्या गोष्टीतल्या एका वाईट कामात माझाही हात होता.

हॅनन शोल्सच्या गिरणीत आम्ही दोघी एकाच वर्षी साचाखात्यात लागलो. तिथे कापड विणणारे चारशे साचे एकदम धडधडायचे. कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द कळायचा नाही, म्हणून प्रत्येक नवी बाई पहिल्या महिन्यात ओठ वाचायला शिकायची. चार साचे पलीकडची बाई नवऱ्याला काय काय म्हणते आहे ते आम्हाला जागच्या जागी कळायचं. ओर्लीना यात आमची गुरू. मुकादम पाठ फिरवून काही पुटपुटला तर त्याच्या गालाच्या हालचालीवरून ती ओळखायची, आणि पुढे जाऊन त्याला त्याचं उत्तरही द्यायची. तो तिला टरकून असायचा.

पंचविसाव्या वर्षी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं साच्याच्या पट्ट्यात गेली. अंगठा आणि करंगळी उरली. अशा हाताने साचा चालवता येत नाही, त्यामुळे नोकरी गेली. गावातले औषधवाले डॉक मॅबरी यांनी तिला बोलावून गाडी दिली. चार चाकांवर लाकडी खोकं, त्यात बर्फाचं पिंप, सरबताची दगडी बरणी, सोड्याच्या बाटल्या, पेले आणि पेले विसळायला बादली. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती गाडी साचाखात्यात फिरायची. त्या गाडीवर ओर्लीनाचं पोट होतं, आणि तिच्या धाकट्या बहिणीचं, लव्हाडाचंही. आई गेली तेव्हा लव्ही दोन वर्षांची होती. ओर्लीनानेच तिला वाढवली, आणि मोठी झाल्यावर तीही आमच्या खात्यात साच्यावर उभी राहिली.

गाडीवर मिळायचं ते मॅबरी टॉनिक. ते काही सरबत म्हणून जन्माला आलं नव्हतं. डॉकनी ते औषध म्हणून काढलं होतं, डोकेदुखीवर, थकव्यावर, बायकांच्या अशक्तपणावर आणि जे काही दुसऱ्या कशाने बरं होत नाही त्या सगळ्यावर. त्यात संत्र्याची साल होती, तरतरी आणणाऱ्या कोलाच्या बिया होत्या, आणि ज्या पानांपासून कोकेन काढतात ती दक्षिणेकडची पानंही होती. कडू लागायचं म्हणून साखर घातली, मग घशाखाली सहज उतरावं म्हणून सोडा घातला, आणि बघता बघता ज्यांना काही झालेलं नाही ती माणसंही चमच्याऐवजी पेल्याने पिऊ लागली. पुढे त्या पानांवरून आरडाओरडा झाला. पाद्री ओरडले, वर्तमानपत्रं ओरडली, आणि बाटलीत काय आहे ते चिठ्ठीवर लिहा असा वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला. डॉक देवभीरू माणूस. त्यांनी पानं काढून टाकली. पण नाव चिकटायचं ते चिकटलंच. आम्ही टॉनिकला शेवटपर्यंत ‘डोप’, म्हणजे नशेची चीज, म्हणायचो आणि ओर्लीनाच्या गाडीला डोपची गाडी. पाद्रीबाबांच्या बायकोलाही दुसरं नाव माहीत नव्हतं.

पानं गेल्यावर लोक कुरकुरायला लागले. टॉनिकमध्ये जीव राहिला नाही म्हणे. तेव्हा डॉकनी त्यात एक पांढरी पूड घालायला सुरुवात केली. त्या काळी डोकेदुखीच्या प्रत्येक पुडीत तीच असायची. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की साच्यांच्या आवाजाने आणि कापसाच्या धुळीने डोकं फुटायला आलं की तीन वाजता ओर्लीना येते, आणि एक पेला घेतला की भोंगा होईपर्यंत उभं राहता येतं. बहुतेक जणी एक घ्यायच्या. काही जणी तीन-चार. लव्ही पाच घ्यायची, आणि बहिणीची गाडी म्हटल्यावर तिला अडवणार कोण?

आता निळ्या ओठांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गिरणीत निळ्या सुताचं जाडंभरडं कापड निघायचं, कामाच्या विजारींसाठी. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्याला आकडा मिळायचा, पण आकडा वापरत बसली तर तेवढ्यात दुसरा साचा थांबायचा. म्हणून धोटा तोंडाला लावायचा आणि श्वास आत ओढायचा, की टोक फटकन बाहेर. दिवसातून दोनशे वेळा. संध्याकाळी आमचे ओठ निळे, दात निळे, थुंकी निळी. शहरातली पोरं रस्त्यात आम्हाला बघून तोंडावर हात धरायची. रविवारी पाद्रीबाबांच्या देवळात जायचं म्हणून शनिवारी रात्री आम्ही ओठांना डुकराची चरबी चोळून फडक्याने पुसायचो. ज्या बाईचे ओठ निळे तिच्या घरात पगार येतो, एवढाच आमच्या लेखी त्याचा अर्थ. निळ्या ओठांकडे कोणी दोनदा बघत नसे.

एकोणीसशे बाराच्या उन्हाळ्यात गिरणीला पांढऱ्या चादरींची मोठी मागणी आली. निळं सूत गोदामात गेलं आणि सगळ्या साच्यांवर पांढरं चढलं. दोन आठवड्यांत आमचे ओठ माणसांसारखे दिसायला लागले. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो म्हणायला हरकत नाही. तपकीर ओढणारी म्हातारी कॅल्डोनिया म्हणाली, “मरायच्या आधी एकदा तरी गोरी झाले गं बाई.”

चौथ्या आठवड्यातला तो रविवार. देवळात गाणं चालू होतं आणि लव्ही मध्येच खाली बसली. तिचा आवाज सगळ्यांत वरचा, तो एकदम तुटला. श्वास पुरत नाही म्हणाली. घरी आल्यावर ओर्लीनाने तिला ओसरीवर उजेडात बसवलं. मी शेंगा सोलत शेजारीच होते.

“लव्ही, इकडे बघ. तू शनिवारी ओठ पुसले नाहीस?”

“पुसले की. आता पुसायला आहे काय? सूत तर पांढरं आहे.”

“मग हे काय?”

ओर्लीनाने एप्रनचं टोक तोंडात ओलं केलं आणि लव्हीच्या ओठांवरून जोरात फिरवलं. लहान मुलाचं तोंड पुसतात तसं. मग एप्रन उजेडात धरला. तो पांढराच होता. तिने चरबी आणून चोळली, पुन्हा पुसलं. काही निघालं नाही. लव्हीचे ओठ निळे होते, आणि नखांच्या मुळाशीही तोच रंग होता.

“इतक्या वर्षांचा रंग आहे. मुरला असेल,” मी म्हटलं.

“माझा नाही मुरला. तुझा नाही मुरला,” ओर्लीना म्हणाली.

सोमवारी ती गाडी घेऊन आली ती पेले भरताना प्रत्येकीच्या ओठांकडे बघत. तसं तर तिथे सगळ्याच बघायच्या, पण ती शब्द वाचत नव्हती. जिचा एक पेला तिचे ओठ गुलाबी. जिचे तीन, तिचे राखाडी. चार-पाच पेल्यांच्या सहा जणी होत्या आणि त्या सहाही निळ्या. संध्याकाळी ती थेट डॉककडे गेली. डॉकनी तिचं ऐकून घेतलं आणि तिलाच समजावलं की नीळ कातडीत मुरते, बायका काळजी फार करतात, आणि लव्हीला जरा जास्त दूध देत जा. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ओर्लीनाने लव्हीला टॉनिक द्यायचं बंद केलं. लव्ही गाडीशी आली की ती ताक पुढे करायची. तीन दिवसांत लव्हीचं डोकं असं दुखायला लागलं की ती भिंतीवर आपटून घ्यायला निघाली. भर खात्यात दोघींचं भांडण झालं, आणि शब्द ऐकू येत नसला तरी ते दोनशे बायकांनी वाचलं.

“स्वतःच्या बहिणीला पाजत नाहीस आणि परक्यांना विकतेस?”

“परक्यांनाही सांगतेय. त्या ऐकत नाहीत.”

“माझं डोकं फुटतंय, ओर्ली.”

“फुटू दे. हृदय फुटण्यापेक्षा बरं.”

लव्हीने ताकाचा पेला तिच्या अंगावर फेकला.

आणि इथे माझं काम येतं. त्याच दुपारी लव्ही माझ्या साच्याशी आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, “इडेल, तू घे आणि मला दे.” मी दिलं. माझा एक आणि वर तिच्यासाठी आणखी तीन. मला वाटलं, ओर्लीनाने काहीतरी खूळ डोक्यात घेतलंय आणि पोरीचे हाल चाललेत. मला लव्हीची दया आली होती, दुसरं काही नाही. पण ती दया तिला मारायला निघाली होती हे आता मला कळतं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे मी ओर्लीनाकडे नीट बघितलंच नाही, डोळ्याला डोळा देववत नव्हता. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली तेव्हा ती गेटाशी माझी वाट बघत उभी होती. “चल माझ्याबरोबर डॉककडे,” ती म्हणाली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघून जागीच थांबले. तिचे ओठ निळे होते.

डॉक दुकानात एकटेच होते. ओर्लीना काउंटरशी जाऊन उभी राहिली.

“डॉक, माझ्याकडे बघा.”

“बघतोय. झोप झालेली दिसत नाही.”

“ओठ बघा.”

त्यांनी चष्मा नाकावर घेतला. “निळे आहेत. साचाखात्यातल्या सगळ्यांचे असतात.”

“मी साचाखात्यात गाडी ढकलते. धोटा अकरा वर्षांत तोंडाला लावलेला नाही. धरणार कशाने?” तिने उजवा हात काउंटरवर ठेवला, अंगठा आणि करंगळी. “आणि सूत दोन महिने पांढरं आहे.”

डॉकनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि तिचे ओठ पुसले. बोळा पांढरा. दुसरा घेतला. तोही पांढरा. तिसऱ्याला ओर्लीना म्हणाली, “आता रक्त काढाल.”

“तू किती घेत होतीस?”

“लव्ही घ्यायची तेवढंच. रोज पाच. सतरा दिवस झाले.”

“अगं वेडी आहेस का तू? हृदय बंद पडलं असतं तुझं.”

“म्हणजे पडू शकतं,” ओर्लीना म्हणाली.

डॉक खुर्चीवर बसले आणि म्हाताऱ्या माणसासारखं बोलायला लागले. पानं काढली तेव्हा वाटलं होतं की जे वाईट ते गेलं. ही पूड तर मोठमोठे डॉक्टर देतात, तिनेच ओठ निळे पडत असतील असं मनातही आलं नाही. लोकांना टॉनिकचा गुण येईना म्हणून बरणीमागे एक चमचा घातली, मग दोन, मग तीन. बाटलीवर लिहावं लागतं, पण पेल्यावर कोण लिहितं आणि पेले कोण मोजतं?

“सूतखात्यात राबणाऱ्या लहान पोरांना मी कधी देऊ दिलं नाही, ओर्लीना. ते तरी तू बघितलंयस.”

“बघितलंय. म्हणून तर तुमच्याकडे आले, शेरीफकडे नाही गेले. काढा ती पूड.”

“काढली तर तुझ्या गाडीकडे कोणी फिरकणार नाही. पानं काढली तेव्हा काय झालं ते मला आठवतंय. तू काय करशील? या हाताला दुसरं काम कोण देणार?”

“डावा आहे की. कपडे धुईन.”

ती हे सहज म्हणाली, पण काउंटरवरचा तो हात तिने हळूच एप्रनखाली घेतला. ते मी बघितलं. कपडे धुवायला दोन हात लागतात हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

त्या दुपारी डॉकनी सगळ्या बरण्या स्वतःच्या हाताने मागच्या अंगणात ओतल्या. आम्ही मदत करायला गेलो तर नको म्हणाले. आठवडाभर त्या अंगणात गांधीलमाश्यांमुळे कोणाला पाय ठेवता आला नाही.

घरी जाताना पुलावर मी थांबले आणि लव्हीच्या पेल्यांचं तिला सांगून टाकलं. ती माझ्याकडे न बघता चालत राहिली.

“माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी ‘घे पटकन’ म्हणालीस तू तिला. सात साचे पलीकडून वाचलं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तिने दुसरी कोणीतरी गाठली असती. तुझ्या पेल्यांत मी सरबत पाव माप घालत होते आणि वर जळक्या साखरेचं पाणी. टॉनिक पाणचट लागतंय म्हणून तूच एकदा कुरकुरलीस. आठवतंय?”

मला आठवत होतं. मी पुलाच्या कठड्याला धरून रडले, आणि तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, “झालं असेल तर चल. लव्हीला घरी एकटी सोडलीय.”

सोमवारी गाडीवर एक पाटी आली, डॉकच्या अक्षरात. साखर, संत्र्याची साल, कोलाच्या बिया, लिंबाचं आम्ल, सोडा. खाली मोठ्या अक्षरात, दुसरं काहीही नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ओर्लीना प्रत्येक साच्याशी थांबून सांगत होती. पहिला पंधरवडा वाईट गेला. सगळ्या खात्याची डोकी दुखत होती आणि सगळं खातं तिला दोष देत होतं. एकीने तिच्या गाडीच्या चाकात सुताचा गुंता अडकवला. लव्ही आठ दिवस अंधाऱ्या खोलीत डोक्याला ओलं फडकं बांधून पडून होती, आणि बहिणीने भरवलेलं तेवढं खात होती, बोलत मात्र नव्हती. गाडीवरचा बर्फ संध्याकाळी तसाच्या तसा नाल्यात ओतला जायचा.

तिसऱ्या आठवड्यात कॅल्डोनिया म्हणाली, “गुण नसला तर नसला, थंड तर आहे.” आणि पेला मागितला. तिच्यामागून दुसरी आली. खरं सांगायचं तर त्या गाडीशी आम्ही दिवसभरात दोनदाच पाच मिनिटं पाठ टेकायचो, आणि ती पाच मिनिटं आम्ही सोडणार नव्हतो, मग पेल्यात काहीही असो. डॉकचा अंदाज चुकला. गाडी चालू राहिली. लव्ही कामावर परत आली, आधी जिन्यात दोनदा थांबायची, मग एकदा, मग थांबेनाशी झाली. सप्टेंबरात ती देवळात शेवटच्या ओळीपर्यंत उभी राहून गायली. ओर्लीना गाण्यांच्या पुस्तकात बघत होती, पण पुस्तक उलटं होतं.

ऑक्टोबरात चादरींची मागणी संपली आणि निळं सूत पुन्हा साच्यांवर चढलं. हे ओर्लीनाला कोणी सांगितलंच नव्हतं. साच्यांवर नवं सूत चढवतात त्या दिवसांत गाडी येत नसे. मंगळवारी तीन वाजता ती नेहमीसारखी रांगेतून येत होती. लव्ही कांडी बदलत होती. धोटा तोंडापासून काढून तिने वळून बहिणीकडे बघितलं आणि हसली. ओठ निळे होते.

ओर्लीनाने गाडी होती तिथेच सोडली. अकरा वर्षांत तिने कधी रांगेत गाडी सोडली नव्हती. ती धावत आली, लव्हीची हनुवटी त्या दोन बोटांत धरली, एप्रनचं टोक तोंडात ओलं केलं आणि ओठांवरून फिरवलं. माझा साचा शेजारचाच. माझा धागा तुटलेला दिसत असूनही मी त्याला हात लावला नाही.

तिने एप्रन समोर धरला. त्यावर निळा डाग होता, चांगला डॉलरच्या नाण्याएवढा. तिने पुन्हा पुसलं, आणि पुसलेल्या जागी लव्हीचा ओठ खालून गुलाबी निघाला.

“काय झालं?” लव्हीने विचारलं.

“काही नाही. सूत आहे,” ओर्लीना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, एप्रन हातात तसाच धरून उभी होती. “सूत आहे गं,” ती पुन्हा म्हणाली. चारशे साच्यांच्या आवाजात ते तिला स्वतःलाही ऐकू गेलं नसेल, पण रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही सगळ्यांनी ते वाचलं.